खंडेनवमीचा आकडा

राखेचं काय करायचं हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. भांडी घासायची, उरली तर वांग्याच्या आळ्यात टाकायची, त्याउपर उरली तर उकिरडा होताच. एवढ्यासाठी कुणी कॉलेज काढलं नव्हतं. आता राखेवर संशोधन करतात. तिला इंग्रजीत नाव देतात, गळ्यात कार्डं अडकवून तिच्याभोवती उभे राहतात आणि फोटो काढून घेतात. असला एक फोटो माझ्याच घरात भिंतीला होता. मधे माझा नातू अनेकांत, शेजारी त्याचे महांतेश सर, आणि दोघांच्या ओंजळीत साखर कारखान्याच्या बॉयलरची काळी राख. जोतिबाचा गुलालसुद्धा लोक इतक्या भक्तीनं धरत नाहीत.

आमचा सिमेंटच्या ब्लॉकचा कारखाना हातकणंगल्याच्या रस्त्याला आहे. माझे मालक बापूसो यांनी काढला, ते गेल्यावर बावीस वर्षं मी चालवला, आणि आता माझा मुलगा पारस चालवतो, असं तो म्हणतो. मी सकाळी सातला दारात खुर्ची टाकून बसते आणि मिक्सरमध्ये कोण किती घमेली ओततोय ते बघते. शिक्षण माझं चौथी. घमेली मोजायला तेवढं पुरतं.

पारसचा हा एकुलता एक पोरगा मात्र शिकत सुटला. डिप्लोमा झाला, डिग्री झाली, तिच्यावर आणखी एक डिग्री झाली, तरी याचं पोट भरेना. मग कळलं, आता पीएचडी करणार आणि नावापुढं डॉक्टर लागणार. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले तेव्हा तिथल्या बायकांना मी सांगून टाकलं. एकीनं विचारलं, "कसला डॉक्टर, आक्का? हाडाचा का दाताचा?"

"मोठा," मी म्हटलं. राखेचा म्हणायला जीभ वळली नाही.

तर भानगड अशी होती. साखर कारखान्यात उसाचं चिपाड जाळतात, त्याच्या राखेचे डोंगर साचतात. ब्लॉकमधलं निम्मं सिमेंट काढून त्या जागी ही राख घालायची, हे महांतेश सरांचं संशोधन. ब्लॉक आमच्या कारखान्यात पाडायचे, कॉलेजच्या मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती दाबाला फुटले तो आकडा लिहायचा. आकडा पाचाच्या वर आला की ब्लॉक पास. पास झाले की गगनबावड्याकडच्या एका वाडीत नवी अंगणवाडी बांधायची होती, तिच्या भिंती याच ब्लॉकच्या होणार. आणि त्याच आकड्यांवर अनेकांतचा प्रबंध. डिसेंबरात प्रबंध द्यायचा, उन्हाळ्यात डॉक्टर.

राखेची पहिली ट्रॉली आली तेव्हा सर स्वतः आले होते. पांढरे बूट घालून. ब्लॉकच्या कारखान्यात पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाबद्दल माझं मत तिथंच झालं.

"आजी, हा वेस्ट नाही, ही वेल्थ आहे," ते म्हणाले.

"मग कारखानावाले फुकट का देत्यात?"

सर हसले. शिकलेल्या माणसाला उत्तर आलं नाही की तो हसतो. मी ट्रॉलीतली चिमूटभर राख बोटात चोळून बघितली.

"काळी हाय," मी म्हटलं. "अजून निम्मी जळायची ऱ्हायलीया. असली राख पाणी पिती. भांड्याला लावली तर भांडंच काळं करती."

"ते आपण डेटामध्ये बघू, आजी."

"बघा तिकडं. मी हितं बघिटलं."

अनेकांतनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या लग्नात शिंकले. मग गळ्यातलं कार्ड शर्टात खोचून तो मिक्सरकडं गेला.

ब्लॉक पाडले तीन सप्टेंबरला. तारीख माझ्या ध्यानात आहे, कारण आमचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि त्या दिवशी मला निरंकार उपास होता. मी त्याला म्हटलं होतं, पर्व संपू दे, मग पाड. तर म्हणाला, सरांना घाई आहे. अठ्ठावीस दिवस ब्लॉक पाण्यात ठेवायचे आणि अठ्ठाविसाव्या दिवशी फोडायचे, असा त्यांचा नियम. ठीक आहे म्हटलं. उपाशी पोटी भांडायला आवाज निघत नाही.

मग नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्याकडं एक फावडंसुद्धा हलत नाही. आम्ही जैन, पण ही पूजा कामगारांची, आणि तिला मालकाच्या घरातला पुरुष पाटावर बसावा लागतो. मिक्सर, ब्लॉकचं मशीन, साचे, खोरी, घमेली सगळं धुऊन ओळीनं मांडायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची. हत्यार एकदा पूजेला बसलं की दसरा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. यंदा पारसचा पाय मुरगळलेला, म्हणून पाटावर अनेकांत बसला. दहाला बसला, साडेबाराला उठला, आणि माझ्या शेजारी बसून चार पुरणपोळ्या हाणल्या. पाचवी मीच वाढली नाही.

दिवाळी झाल्यावर कॉलेजात मोठी बैठक ठरली. साखर कारखान्याचे दोन साहेब, पंचायतीची माणसं, आणि ब्लॉक आमचे म्हणून आम्ही. पारस म्हणाला, "आई, तू कशाला येतीस? तिथं सगळं इंग्रजीत असतंय."

"म्हणूनच येतोय. इंग्रजीत मानसं जास्त खोटं बोलत्यात."

मी इरकल नेसले आणि गेले.

खोली एवढी गार केली होती की कोथिंबीर आठ दिवस टिकली असती. पहिल्या रांगेत साहेब लोक. मागं माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली, मांडीवर कापडी पिशवी. दोन एसट्या बदलून आलेली. तानाबाई तिचं नाव, त्या वाडीतल्या अंगणवाडीची सेविका. ज्या भिंतींवर एवढं सगळं चाललं होतं, त्या भिंतींच्या आत दिवसभर बसणारी त्या खोलीत ती एकटीच, आणि तिला चहा सगळ्यांच्या शेवटी.

सर बोलत होते. पडद्यावर झाडं, पृथ्वीचा गोळा, हिरवे बाण. एक बाण राखेपासून निघून घराकडं, घरापासून एका हसणाऱ्या पोराकडं. पोरगं गोरंपान, आपल्याकडचं नव्हेच. मग सर म्हणाले, या प्रकल्पात सगळा डेटा डिजिटल आहे, मशीनचा आकडा थेट कॉम्प्युटरवर चढतो, माणसाचा हात लागत नाही, म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच येत नाही.

तानाबाईनं हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा.

"सर, आमच्याकडं चार म्हैनं पाऊस हालत न्हाय. जुनी भिंत फुगूनच पडली. रविवार हुता म्हणून पोरं वाचली. ही भिंत पानी पिईल काय?"

"ते पुढच्या स्लाइडवर आहे, मॅडम."

पुढच्या स्लाइडवर सरांना कुठंतरी मिळालेली शाल आणि श्रीफळ होतं.

"हाय का त्यात?" तानाबाईनं मला हळूच विचारलं.

"नारळ हाय," मी म्हटलं. "पानी असंल तर त्यातच."

मग आकड्यांचा तक्ता आला. इंग्रजी मला येत नाही, पण अंक येतात. तीस वर्षं सिमेंटच्या पोत्यांची चलनं वाचून डोळे घासलेत माझे. एका ओळीला तारीख, तिच्यापुढं वेळ, तिच्यापुढं आकडा. शेवटची ओळ सरांनी हिरवी केली होती, सगळ्यांनी बघावी म्हणून. एक ऑक्टोबर. अकरा चाळीस. सात पॉइंट दोन.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बोटं मोजत होते. गांधी जयंती आणि दसरा यंदा एकाच दिवशी, दोन तारखेला. मग एक तारखेला काय?

"थांबवा ते," मी म्हटलं.

पारसनं माझा पदर ओढला. मी त्याच्या हातावर चापट मारली.

"सर, ती हिरवी ओळ. एक ऑक्टोबरला तुम्ही ब्लॉक फोडलासा?"

"हो आजी. बरोबर अठ्ठाविसावा दिवस. शिस्त म्हणजे शिस्त."

"त्या दिवशी खंडेनवमी हुती."

सर हसले. पहिल्या रांगेतले साहेबही हसले. म्हातारीनं पंचांग काढलं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. तेवढ्यात कपबशांचा ट्रे घेऊन बसलिंगाप्पा आत आला. हा लॅबचा शिपाई, कर्नाटकच्या सीमेकडचा, कॉलेजात तीस वर्षं नोकरी. मशीन कॉलेजचं असेल, पण सांभाळतो हा. आमचे ब्लॉक न्यायला टेम्पोतनं तोच यायचा, म्हणून ओळख.

"बसलिंगाप्पा," मी म्हटलं, "खंडेनवमीला तुमचं दाबाचं मशीन चालू हुतं का?"

ट्रेमधले कप वाजले.

"छे छे, अव्वा! काय विचारताय हे? तीस तारखेला संध्याकाळी पुसलं, कुंकू लावलं, मेन स्विच खाली ओढलं. दसरा झालं, तीन तारखेला नारळ फोडून चालू केलं. पूजेला बसलेल्या मशीनला हात लावू देईन होय कुणाला? तीस वर्षांत एकदा लावू दिलं नाही. प्रिन्सिपल सायबाला पण नाही!"

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पांढऱ्या बुटांचा माणूस सापडला होता. सप्टेंबरपासून मी या क्षणाची वाट बघत होते, फक्त तो कुठून येणार ते माहीत नव्हतं. मी खुर्चीत मागं टेकून बसले आणि म्हटलं, "मग हा सात पॉइंट दोन कुणी फोडला? खंडोबानं?"

या वेळी कुणी हसलं नाही. सरांच्या तोंडावरचं पाणी पळालं, पण माणूस तयारीचा. त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, "डेटा अनेकांतनं भरला आहे."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एक तारखेला अकरा चाळीसला अनेकांत कुठं होता हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या कारखान्यात, पाटावर, डोक्यावर टोपी, हातात नारळ. मी दुसऱ्याचं कोंबडं धरायला गेले आणि मुंडी माझ्याच घरच्याची हातात आली.

अनेकांत भिंतीला लागून उभा होता. कार्ड गळ्यातच. बघत होता जमिनीकडं.

सरांनी घसा साफ केला. "अहो, साधी गोष्ट आहे. तारखेची चूक. टेस्ट तीन तारखेला झाली, टाइप करताना एक पडलं. आकडा तोच. आम्ही तारीख दुरुस्त करू." मग थेट माझ्याकडं बघून, अगदी मऊ आवाजात, "बरोबर ना, आजी?"

या माणसाला मी बुटावरून मूर्ख ठरवलं होतं. मूर्ख नव्हता. त्यानं दोर माझ्याच हातात दिला होता. मी फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. प्रबंध वेळेत दिला गेला असता, उन्हाळ्यात डॉक्टर झाला असता, बस्तीत मी साखर वाटली असती. त्या खोलीतल्या प्रत्येकाला तेच हवं होतं. पारस तर ओठांनीच 'म्हण, म्हण' करत होता.

शेजारी तानाबाईनं पिशवी खांद्याला लावली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "तारीखच चुकली व्हय," ती मला म्हणाली. "मग बरं झालं, बाई. मला वाटलं, भिंतच चुकली."

मी उभी राहिले.

"अनू, इकडं बघ. तीन तारखेला ब्लॉक फोडलास?"

"फोडलो की."

"आकडा किती आला?"

"आज्जी, घरी जाऊन बोलूया."

"घरी भिंत बांधायची न्हाय. आकडा सांग."

सर म्हणाले, "आजी, हा तांत्रिक विषय आहे."

"तुम्ही बसा. तुमची शाल-श्रीफळ झाली बघून. अनू, आकडा."

"दोन पॉइंट आठ," अनेकांत म्हणाला.

"पास व्हायला?"

"पाच."

"मग हा सात?"

आता त्याचा बांध फुटला. "सात दिवसांच्या टेस्टचं ब्लॉक मी हितं लॅबमधी केल्तो, बारीक चाळल्याल्या राखेचं. ते चांगलं आल्तं. त्यावरनं कॉम्प्युटरनं अठ्ठावीस दिवसांचा आकडा काढला, सात पॉइंट दोन. नवमीला मशीन बंद. तीन तारखेला कारखान्यातलं ब्लॉक फोडलो तर दोन पॉइंट आठ. मला वाटलं, फोडतानाच कायतरी चुकलं असंल. सरांनी त्याच दिवशी रिपोर्ट मागितला. मग कॉम्प्युटरचाच आकडा टाकलो. अठ्ठाविसावा दिवस एक तारखेला येत हुता, म्हणून एक तारीख टाकलो."

"आणि अकरा चाळीस?"

"सुचलं ते टाकलो."

खंडेनवमी या गाढवाच्या डोक्यातच आली नाही. सकाळभर पाटावर बसून पूजा केली, पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि खोटं लिहायला दिवस निवडला तो नेमका तोच. आमच्या घराण्यात खोटं बोलायची सवय नाही, ती अशी उघडी पडते. चांगला खोटारडा निदान कॅलेंडर बघून खोटं बोलतो.

"तुझ्या आजोबानं तुझं नाव अनेकांत ठेवलं," मी म्हटलं. "एका गोष्टीला लई बाजू असत्यात म्हणून. एका ब्लॉकला दोन आकडे असत्यात म्हणून न्हाय."

बैठक तिथंच संपली. साहेब लोक घड्याळं बघत उठले. सरांनी पडद्याचं मशीन बंद केलं आणि हिरवी ओळ गेली. तानाबाईनं तेवढं विचारलं, "मग आता भिंत?" साहेब दाराबाहेर पडलेले, म्हणून मीच म्हटलं, "तुला सांगंन मी. नंबर दे."

घरी पारस जे बोलला ते इथं लिहीत नाही. आईला असं बोलतात हे मला माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं, त्यामुळं मधेमधे तो स्वतःच दचकत होता. "तुला गप बसाय काय हुतं? पोराची पाच वर्षं गेली!" एवढं पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, "तुला भिंतीचं काय न्हाय?" तर म्हणाला, "ती भिंत पडली असती, का न्हाई, कुणाला ठावं! पोरगं तर आताच पडलं!"

मी जेवायला बसले. जेवण गेलं नाही, ते कुणाला दिसू दिलं नाही.

अनेकांत आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. सरांनी त्याला कळवलं की मागचा सगळा डेटा रद्द, पुन्हा पहिल्यापासून कर, वर्षभर तरी प्रबंधाचं नाव काढू नको. स्वतः मात्र कुठल्यातरी परिषदेला निघून गेले. राख झटकायला असल्या माणसांना पाणीही लागत नाही. बस्तीत बातमी माझ्या आधी पोचली होती. "नातवाचं काय झालं म्हणं, आक्का?" असं विचारताना त्या बायकांच्या डोळ्यांत काय दया होती! असली दया मी लोकांवर करत आले, म्हणून ओळखते.

"नापास झाला," मी म्हटलं. "तुमचा पोरगा बसलाय का कुठल्या परीक्षेला?"

नवव्या दिवशी अनेकांत बॅग भरून माझ्यापुढं आला. पुण्याला मित्राच्या ओळखीनं कॉम्प्युटरची नोकरी आहे म्हणाला.

"जा की," मी म्हटलं. "कॉम्प्युटर बरा. त्यो इचारल्याशिवाय आकडं काढून देतोय. तुला तसलाच मालक पाहिजे."

"आज्जी, तुला काय पाहिजे गं? मी सगळ्यांम्होरं सांगिटलो की. अजून काय करू?"

"सांगिटलास ते मी इचारल्यावर. ब्लॉक अजून कुठं पाडलाईस?"

तो तणतणत निघून गेला. मी समजले, गेला पुण्याला. दुसऱ्या दिवशी सातला खुर्ची टाकली तर हा राखेच्या ढिगापाशी चाळण घेऊन बसलेला. गळ्यात कार्ड नव्हतं. तोंड, नाक, पापण्या सगळं काळं. नऊ वाजेपर्यंत मी घमेली मोजली. मग म्हटलं, "नुसतं चाळून भागंल व्हय? काळी हाय ती. जाळ पुन्हा."

"जाळणारच हाय. भट्टी लावून. आणि दहा टक्क्यांचे, वीसचे, तीसचे, पन्नासचे, सगळे वेगळे पाडणार. तू मधी बोलू नको."

"शून्याचा पाड. राखेचा एक कण नको. ब्लॉक म्हणजे सिमेंट, दगडाची कच आणि पाणी. बाकी सगळी थेरं."

"शून्याचा पण लागतोयच. तुलना करायला."

"मग त्यो तू पाडू नगंस," मी म्हटलं. "त्यो आपल्या थप्पीतनं उचल. विकायच्या मालातला. खास केल्याला नको. कसा असतोय खरा ब्लॉक, ते कळू दे एकदा तुझ्या मशीनला."

हे मी पुऱ्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हटलं. तीन ब्लॉक थप्पीतनं मी स्वतः बोट दाखवून निवडले. चांगले कोरीव कडांचे.

दिवस त्यानं कॅलेंडर पुढं घेऊन मोजले. अठ्ठाविसावा सोमवार आला. त्या दिवशी ना सण, ना सुट्टी. मी तानाबाईला फोन केला. म्हटलं, ये आणि डोळ्यांनी बघ, पडद्यावर काही असणार नाही.

लॅबमध्ये आम्ही चौघंच. अनेकांत, मी, तानाबाई आणि बसलिंगाप्पा. बसलिंगाप्पानं मशीनला आधी हात जोडले. ब्लॉक दोन लोखंडी पाट्यांमध्ये ठेवायचा, वरची पाटी दाबत खाली येते, शेजारच्या डबीत हिरवे अंक पळत राहतात, आणि कडकन आवाज झाला की थांबतात. तिथं थांबला तो आकडा. एवढंच ते संशोधन. प्रत्येक जातीचे तीन ब्लॉक फोडायचे आणि तिघांची सरासरी लिहायची.

अनेकांतनं वही उघडली. पन्नास टक्क्यांचे पहिल्यांदा. एकेक ब्लॉक असा फुटला की मारी बिस्किट. तीन पॉइंट एक.

"लिहिलास?" मी विचारलं.

"लिहिलो."

तीस टक्के, चार पॉइंट चार. नापास. माझी मान हळूहळू वर येत होती. वीस टक्के ठेवले. अंक पळायला लागले, चार, पाच, तरी आवाज होईना. सहाच्या पुढं जाऊन कडाडला. पुढचे दोन तसेच. सहा पॉइंट तीन. तानाबाईनं टाळी वाजवली आणि माझ्याकडं बघून लगेच थांबवली. मग दहा टक्क्यांचे, तेही पास, पाच पॉइंट आठ.

"दमा," मी म्हटलं. "अजून खरा ब्लॉक ऱ्हायलाय."

बसलिंगाप्पानं आमचा थप्पीतला पहिला ब्लॉक ठेवला. मी पुढं जाऊन उभी राहिले. अंक पळाले. तीन. चार. मग काही ध्यानात यायच्या आत कडकन वाजलं. मला वाटलं, हे मशीन बिघडलं. दुसरा ठेवला. तोही तिथंच. तिसरा ठेवताना बसलिंगाप्पानं माझ्याकडं बघितलं नाही.

चार पॉइंट सहा.

फुटलेल्या ब्लॉकची एक कपरी मी उचलली. आतनं कोरडी, पांढरी पडलेली. नखानं टोकरली तर गळायला लागली. सात दिवस पाणी मारायच्या ठिकाणी तीन दिवस मारून विकायला काढलेला माल असा दिसतो. मी ओळखते. दुसऱ्यांच्या कारखान्यातला मी लांबूनच ओळखायची, आणि नावं ठेवायची. घमेली मोजत दारात बसले होते मी. पाण्याचा पाइप मागं असतो. तिथं पारस.

अनेकांतनं पेन उचललं होतं. वहीवर टेकवलं नव्हतं. चार ओळी भरलेल्या, पाचवी रिकामी, आणि तिच्यापुढं आमच्या कारखान्याचं नाव त्यानं आधीच लिहून ठेवलेलं. ही वही छापली जाणार होती. साहेब वाचणार, पंचायत वाचणार, बस्तीतल्या बायकांना कुणीतरी वाचून दाखवणार.

"आज्जी," तो हळू म्हणाला, "शून्याचं ब्लॉक मी पुन्हा पाडू शकतो. नीट पाणी मारून. नियमात बसतंय ते. हे थप्पीतलं धरायलाच पाहिजे असं न्हाय."

तो चिडवत नव्हता. खरंच सोडवत होता मला. सरांनी दिला होता तसलाच दोर, फक्त यानं तो मायेनं दिला.

मी त्या कार्ट्याकडं बघितलं. भुवईच्या केसांत अजून राख होती. पाच वर्षं शिकून हा एवढंच शिकला असेल की माणसाला पळायला वाट कुठून ठेवायची, तर माझी सगळी मेहनत पाण्यात.

"थप्पीतलं कुणी निवडलं?"

"तू."

"मग लिही की."

"नाव काढू का?"

"नावासकट लिही. पॉइंटसकट लिही."

त्यानं लिहिलं. मी वाकून बघितलं, चार, टिंब, सहा. अक्षर बरं होतं.

तानाबाई कपरीकडं बघत होती. "मग आमच्या भिंतीला कुठला, आक्का?"

"राखेचा," मी म्हटलं. तो शब्द तोंडातनं काढायला मला आख्खा कारखाना उचलायला लागला. "वीस टक्क्यांचा. त्याच्या वर एक चिमूट न्हाय. आणि सात दिवस पानी मी स्वता उभी ऱ्हाऊन मारून घेणार. तवर एक ब्लॉक तुझ्याकडं येणार न्हाय. पोरांना तवर देवळात बशीव."

"बशीवतो की," ती म्हणाली.

टेम्पोत बसताना अनेकांतनं मला हात दिला. मी धरला नाही, दांडी धरून चढले. तो शेजारी बसला आणि वही मांडीवर ठेवून म्हणाला, "पप्पांना तू सांगणार का मी सांगू?"

"सांगायचं काय त्यात? पाइप कुठाय, एवढं इचारायचं," मी म्हटलं, आणि ड्रायव्हरला गाडी घराकडं नको, कारखान्याकडं घे म्हणून सांगितलं.